मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांची स्थानिक मंडळे (महाराष्ट्र)

मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांची स्थानिक मंडळे म्हणजे मानसिक आजार आणि व्यसनाधीनता यांवरील उपचारांवर देखरेख ठेवणारी, रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्या तक्रारी ऐकणारी आणि सेवांच्या नियोजनाविषयी शासनाला सल्ला देणारी, विशिष्ट भूभागापुरती नेमलेली मंडळे व समित्या होत. भारतात यांपैकी जिल्हा किंवा जिल्ह्यांचा गट या पातळीवरील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ हे एकच मंडळ मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार वैधानिक आहे. त्याचे स्वरूप अर्धन्यायिक असून त्याचे निर्णय बंधनकारक असतात. तालुका व गाव पातळीवर मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र वैधानिक मंडळ नाही. तेथे रुग्ण कल्याण समिती, गावपातळीवरील आरोग्य समिती, ग्रामसभा आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत सल्ल्याचे व देखरेखीचे काम होऊ शकते. या लेखात पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात या व्यवस्थेची रचना, कार्यपद्धती व मर्यादा यांची माहिती दिली आहे.

== पार्श्वभूमी ==

मनोरुग्णाला त्याच्या संमतीवाचून रुग्णालयात ठेवता येते, हे मानसिक आरोग्य सेवेचे अन्य वैद्यकीय सेवांहून असलेले प्रमुख वेगळेपण आहे. हाडाचा किंवा हृदयाचा रुग्ण उपचार नाकारून घरी जाऊ शकतो. मनोरुग्णाच्या बाबतीत मात्र तो निर्णय अनेकदा कुटुंबीय, डॉक्टर, पोलीस किंवा न्यायाधीश घेतात. ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतले जाते त्याचे म्हणणे खरे मानले जाण्याची शक्यता आजारामुळेच कमी होते. म्हणून रुग्णालयाबाहेरील व्यक्तींनी अशा निर्णयांची तपासणी करावी, हे तत्त्व जगभरच्या कायद्यांत हळूहळू रुजले.

दुसरी बाजू कुटुंबाची आहे. तीव्र मानसिक आजार किंवा दारूचे व्यसन असलेल्या व्यक्तीची काळजी घेण्याचा भार भारतात बहुतांशी घरातील स्त्रियांवर पडतो. उपचार दूर असतील, औषधे मिळत नसतील किंवा घरात हिंसा होत असेल, तर कुटुंबालाही दाद मागण्याची जागा लागते. स्थानिक मंडळांची रचना करताना या दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी घेण्यामागे हेच कारण आहे.

मराठीतील स्वमदत गटांमध्ये रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रूढ झाले आहेत. ‘वेडा’, ‘दारुडा’ अशा शब्दांमधील कलंक टाळणे हा त्यांमागील हेतू आहे.

== कायद्याचा इतिहास ==

ब्रिटिश भारतात १८५८ मध्ये मनोरुग्णांविषयीचे पहिले कायदे करण्यात आले. त्यांची जागा १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाने घेतली. मनोरुग्णालयांची पाहणी करण्यासाठी सरकारने बाहेरील अभ्यागत नेमण्याची तरतूद या कायद्यात होती. ही अभ्यागत मंडळे म्हणजे आजच्या पुनर्विलोकन मंडळांची पूर्वरूपे म्हणता येतील. त्यांचा भर मुख्यतः इमारत, स्वच्छता, आहार व नोंदवह्या यांच्या तपासणीवर असे.

मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ हा १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्याने ‘वेडा’ या अर्थाची जुनी संज्ञा वगळली आणि अभ्यागतांमध्ये सामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश केला. दारू किंवा अन्य अमली पदार्थांच्या व्यसनामुळे वर्तनात बदल झालेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र रुग्णालये स्थापन करण्याची मुभाही या कायद्यात होती. मात्र रुग्णाला स्वतः दाद मागता येईल असे स्थानिक मंडळ त्यात नव्हते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेमुळे नोंदणी नसलेल्या केंद्रांचा प्रश्न देशापुढे आला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याची दखल घेतली. पुढे २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्यामुळे देशातील कायदे त्या कराराशी सुसंगत करणे आवश्यक झाले. या प्रक्रियेतून मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ तयार झाला. त्यास ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २०१८ मध्ये तो अमलात आला. पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा या कायद्याच्या मसुद्याच्या कामात महत्त्वाचा सहभाग होता.

== मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ ==

=== रचना ===

अधिनियमानुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण एका जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी मंडळ स्थापन करते. मंडळात पुढील सहा व्यक्ती असतात:

* अध्यक्ष: जिल्हा न्यायाधीश, त्या पदास पात्र असलेला राज्य न्यायिक सेवेतील अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश
* जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी
* एक मनोविकारतज्ज्ञ
* एक वैद्यक व्यावसायिक
* दोन सदस्य: मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, काळजीवाहक, त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी किंवा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी

सदस्यांची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ७० वर्षे पूर्ण होईपर्यंत असते आणि त्यांची फेरनियुक्ती होऊ शकते. मंडळाच्या कामात आर्थिक किंवा अन्य हितसंबंध आड येण्याची शक्यता असलेली व्यक्ती सदस्य होण्यास अपात्र ठरते. सभेची गणसंख्या तीन असते. निर्णय शक्यतो एकमताने आणि एकमत न झाल्यास बहुमताने घेतले जातात. मते समसमान पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असते.

आजाराचा अनुभव घेतलेली व्यक्ती न्यायाधीश व डॉक्टर यांच्या बरोबरीने मत देते, हा या रचनेतील सर्वांत मोठा बदल मानला जातो. मात्र दोन्ही जागा स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनी भरल्या तरी कायद्याची पूर्तता होते. त्यामुळे प्रत्यक्ष रुग्ण किंवा काळजीवाहक मंडळात येतीलच, अशी खात्री नसते.

=== अधिकार ===

मंडळाची मुख्य कामे पुढीलप्रमाणे आहेत:

* आगाऊ निर्देशांची नोंद घेणे, त्यांचे पुनर्विलोकन करणे, त्यांत बदल करणे किंवा ते रद्द करणे. आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीने आधी लेखी नमूद केलेले असते, त्यास आगाऊ निर्देश म्हणतात.
* रुग्णाच्या वतीने निर्णयात साहाय्य करणारा नामनिर्देशित प्रतिनिधी आवश्यकतेनुसार नेमणे.
* संमतीवाचून झालेल्या दाखल्याविरुद्धचे अर्ज ऐकणे आणि आवश्यक वाटल्यास रुग्णाला मुक्त करण्याचा आदेश देणे.
* उपचारांतील त्रुटी, माहिती न देणे व हक्कांचे उल्लंघन यांविषयीच्या तक्रारींवर निर्णय देणे.
* कारागृहांना भेट देऊन तेथील मनोरुग्णांच्या स्थितीविषयी खुलासा मागवणे.

मनोविकारांवरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मंडळाची मंजुरी बंधनकारक आहे. भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे न देता विद्युत उपचार करणे आणि कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे यांवर कायद्याने संपूर्ण बंदी आहे. अल्पवयीन रुग्णास विद्युत उपचार द्यायचे असल्यास पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

=== अर्ज व मुदती ===

मानसिक आजार असलेली व्यक्ती किंवा तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी मंडळाकडे अर्ज करू शकतो. व्यक्तीची संमती असल्यास नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधीही अर्ज करू शकतो. त्यासाठी शुल्क नाही. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा दूरध्वनीवरून केलेला अर्जही स्वीकारता येतो. सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्जदाराला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहता येते.

नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणे, अल्पवयीन व्यक्तीचा दाखला आणि ३० दिवसांपर्यंतचा संमतीवाचूनचा दाखला यांविषयीचे अर्ज सात दिवसांत निकाली काढावे लागतात. ३० दिवसांहून अधिक काळाच्या दाखल्यास दिलेल्या आव्हानासाठी २१ दिवस, तर इतर अर्जांसाठी ९० दिवस अशी मुदत आहे. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

रुग्णाने अर्ज केला नाही तरी काही प्रकरणे मंडळासमोर आपोआप येतात. संमतीवाचून दाखल केलेल्या प्रौढ पुरुषाची माहिती रुग्णालयाने सात दिवसांत आणि स्त्रीची तीन दिवसांत मंडळाला कळवायची असते. अल्पवयीन रुग्णाची माहिती ७२ तासांत द्यावी लागते. ३० दिवसांनंतरही रुग्णाला ठेवायचे असल्यास दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी आवश्यक असते. ही परवानगी प्रथम ९० दिवसांपर्यंत, नंतर १२० दिवसांपर्यंत आणि त्यापुढे प्रत्येक वेळी १८० दिवसांपर्यंत देता येते.

== व्यसनमुक्ती सेवांशी संबंध ==

अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णांवर निवासी उपचार करणाऱ्या केंद्रांनाही नोंदणी, नोंदवह्या व हक्कांविषयीच्या तरतुदी लागू होतात. नोंदणी न करता आस्थापना चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये आणि पुन्हा तसे घडल्यास त्याहून अधिक दंडाची तरतूद आहे.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या व्यक्तीला केवळ नातेवाइकांच्या सांगण्यावरून उचलून नेऊन महिनोन्महिने कोंडून ठेवणे कायद्यास धरून नाही. संमतीवाचून दाखल करण्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आवश्यक असतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यक व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासणी करणेही आवश्यक असते. त्या व्यक्तीने स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याची शक्यता आहे, अथवा ती स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे, असे या दोघांचे मत असावे लागते.

व्यसनमुक्तीचे प्रशासन अनेक विभागांत विभागलेले आहे. राज्यात सामाजिक न्याय विभागाने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले. स्वयंसेवी व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्र शासनाचे अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडून मिळते, तर रुग्णालयीन उपचार आरोग्य विभागाकडे आहेत. मद्याचे परवाने उत्पादन शुल्क विभाग देतो. अमली पदार्थांची वाहतूक व विक्री यांविरुद्धची कारवाई मुख्यत्वे पोलीस करतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमानुसार अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १५ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची तरतूद आहे. मात्र या समितीचा भर जनजागृती व समन्वयावर असतो. वैयक्तिक तक्रारींवर बंधनकारक निर्णय देण्याचा अधिकार तिला नाही.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के भारतीय मद्यपान करतात. मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात, असेही त्यात आढळले. म्हणजे बहुसंख्य रुग्ण उपचारकेंद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. पुनर्विलोकन मंडळाचे काम दाखल झालेल्या रुग्णापासून सुरू होते. दाखलच न झालेल्यांचा विचार करण्यासाठी सल्लागार स्वरूपाच्या वेगळ्या रचनेची गरज भासते.

== महाराष्ट्रातील व्यवस्था ==

महाराष्ट्रात येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. येरवडा येथील रुग्णालयाची मंजूर खाटांची संख्या २,५४० असून ते आशियातील मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक मानले जाते. बरे होऊनही नातेवाईक घरी नेत नसल्याने रुग्णालयातच राहणाऱ्यांचा प्रश्न या संस्थांमध्ये दीर्घकाळ आहे. केवळ कुटुंब नाही किंवा निवारा नाही या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा अधिनियम सांगतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. तिच्या सुनावणीत राज्य प्राधिकरण व पुनर्विलोकन मंडळांचे कामकाज, तसेच बऱ्या झालेल्या रुग्णांचे पुनर्वसन हे विषय पुढे आले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याचा जिल्हा पातळीवरील भाग १९९६ मध्ये सुरू झाला. या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील पथकाने तालुक्यांपर्यंत सेवा पोहोचवणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना प्रशिक्षण देणे अपेक्षित आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

स्वयंसेवी क्षेत्रात पुण्याची परंपरा मोठी आहे. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांचे त्यास साहाय्य लाभले. व्यसनी व्यक्तीबरोबर तिच्या कुटुंबाचाही उपचारात समावेश करणे हे या केंद्राचे वैशिष्ट्य आहे. पुण्यातील सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने काळजीवाहकांचे स्वमदत गट चालवले. बापू ट्रस्ट या संस्थेने वस्तीपातळीवरील मानसिक आरोग्य सेवेचा प्रयोग केला आणि संमतीवाचूनच्या उपचारांवर सातत्याने टीका केली. मंडळांत रुग्ण व काळजीवाहक यांना स्थान असावे, या मागणीला अशा संस्थांच्या कामाची पार्श्वभूमी आहे.

गडचिरोली जिल्ह्यात राज्य शासन, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू केला. त्यात दारू व तंबाखूविरोधी गाव संघटना, तालुका पातळीवरील उपचार क्लिनिक आणि जिल्हा प्रशासन यांना एकत्र जोडण्यात आले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात गाव ते जिल्हा अशी साखळी उभारण्याचे हे राज्यातील ठळक उदाहरण आहे.

== मुळशी तालुका ==

मुळशी हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील तालुका असून त्याचे मुख्यालय पौड येथे आहे. तालुक्याचे दोन भाग एकमेकांपासून फार वेगळे आहेत. पूर्वेकडे हिंजवडी, भूगाव व पिरंगुट हा परिसर माहिती तंत्रज्ञान उद्योग, कारखाने व गृहसंकुलांमुळे वेगाने नागरी झाला आहे. पश्चिमेकडे मुळशी धरणाच्या काठापासून ताम्हिणी घाटापर्यंत डोंगराळ, अतिपावसाचा आणि विरळ वस्तीचा प्रदेश आहे. याच धरणामुळे होणाऱ्या विस्थापनाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते.

या भूगोलाचा परिणाम सेवांच्या गरजांवर होतो. पूर्व भागात स्थलांतरित कामगार, पाळीत काम करणारे तरुण आणि कुटुंबापासून दूर राहणारे विद्यार्थी यांची संख्या मोठी आहे. पश्चिम भागातील वाड्यांवरील कुटुंबाला मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी पुणे शहर गाठावे लागते. तालुक्याच्या एका टोकाहून शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या येरवड्यापर्यंतचा प्रवास म्हणजे रुग्णाचा आणि सोबत जाणाऱ्याचा दिवसाचा रोजगार बुडणे होय. दीर्घकालीन आजारात दर महिन्याला असा खर्च करणे अनेकांना शक्य होत नाही आणि त्यामुळे औषधे मध्येच बंद होतात.

मुळशीसाठी स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळ नाही. तालुक्यातील रुग्णास पुणे जिल्ह्यासाठीच्या मंडळाकडेच अर्ज करावा लागतो. तालुक्यात शासकीय आरोग्य सेवेचा मुख्य आधार पौड येथील ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे हा आहे. मानसिक आजारांवरील अत्यावश्यक औषधांची यादी शासनाने जाहीर करावी आणि ती औषधे सामुदायिक आरोग्य केंद्र व त्यावरील शासकीय रुग्णालयांत सर्वकाळ विनामूल्य उपलब्ध असावीत, असे २०१७ चा अधिनियम सांगतो. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालये या पातळीवर मोडतात. त्यामुळे ही तरतूद पौडसारख्या ठिकाणी थेट लागू पडते.

== तालुका पातळीवरील सल्लागार समिती ==

=== उपलब्ध आधार ===

तालुक्यात मानसिक आरोग्यासाठी सल्लागार समिती स्थापन करण्यास नवा कायदा आवश्यक नाही. पुढील विद्यमान रचनांचा आधार घेता येतो:

* ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती. तिच्या अंतर्गत विषयवार उपसमिती नेमता येते.
* गावपातळीवरील आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती. तिच्यात आशा कार्यकर्तीचा सहभाग असतो.
* ग्रामसभा. गावातील मद्यविक्रीचा प्रश्न येथे मांडला जातो. राज्यातील नियमांनुसार २५ टक्के मतदारांच्या किंवा महिला मतदारांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेऊन दारू दुकान बंद करता येते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते.
* तालुका विधी सेवा समिती. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनांमध्ये मनोरुग्णांना आणि अमली पदार्थांच्या बळींना मोफत कायदेशीर साहाय्य देण्याची तरतूद आहे.

या पद्धतीला राज्यात पूर्वानुभव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख व नियोजन प्रक्रिया सुरू झाली. पुण्यातील ‘साथी’ ही संस्था तिची राज्यस्तरीय समन्वयक होती. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा व राज्य अशा पाच पातळ्यांवर समित्या नेमून सेवांची प्रगतिपत्रके तयार करण्यात आली आणि जनसुनवायांमध्ये अधिकाऱ्यांसमोर मांडण्यात आली. मानसिक आरोग्य सेवेसाठीही ही पद्धत वापरता येण्याजोगी आहे.

=== रचना व कामे ===

अशा समितीत साधारणतः ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचा प्रतिनिधी, पोलीस ठाण्याचा अधिकारी, आशा कार्यकर्ती, शिक्षक, विधी सेवा समितीचा प्रतिनिधी, व्यसनातून बाहेर आलेली व्यक्ती, शुभार्थी व शुभंकर यांचा समावेश होऊ शकतो. मुळशीसारख्या तालुक्यात पूर्व व पश्चिम या दोन्ही भागांना प्रतिनिधित्व असणे आवश्यक ठरते. अन्यथा हिंजवडीच्या गरजांनाच प्राधान्य मिळण्याचा आणि घाटमाथ्यावरील वाड्या मागे पडण्याचा संभव असतो. निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा चालक समितीत असल्यास त्याच्या केंद्राविषयीच्या चर्चेत त्याने भाग घेऊ नये, हा हितसंबंधांविषयीचा संकेत पाळला जातो.

समितीच्या कक्षेत पुढील कामे येऊ शकतात:

* ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजारांची औषधे दर महिन्याला उपलब्ध आहेत का, याची नोंद ठेवणे.
* जिल्हा पथकाच्या भेटीचे दिवस ठरवून ते गावोगावी कळवणे.
* तालुक्यातील निवासी केंद्रे नोंदणीकृत आहेत का, याची माहिती राज्य प्राधिकरणाकडून मागवणे.
* रुग्णालयातून घरी परतलेल्या व्यक्तींचा त्यांच्या संमतीने पाठपुरावा करणे.
* पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज कसा करावा, हे कुटुंबांना समजावून देणे.

=== मर्यादा ===

सल्लागार समितीला रुग्णाला दाखल करण्याचा, मुक्त करण्याचा किंवा त्याचे कागदपत्र पाहण्याचा अधिकार नसतो. मानसिक आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात आणि केवळ नावाचा उल्लेख झाला तरी एखाद्याचे लग्न किंवा नोकरी अडचणीत येऊ शकते. म्हणून सभांमध्ये वैयक्तिक प्रकरणांऐवजी सेवेतील त्रुटींवर चर्चा होणे अपेक्षित असते. वैयक्तिक तक्रार योग्य त्या वैधानिक मंडळाकडे पाठवली जाते.

देवऋषी किंवा भगताकडे नेण्याची प्रथा हाही अशा समितीपुढील विषय असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. केवळ श्रद्धास्थानास भेट देणे हा मात्र गुन्हा नाही. हा फरक लोकांना स्पष्ट करून सांगणे आवश्यक असते.

== अन्य देशांतील उदाहरणे ==

इंग्लंड व वेल्समध्ये १९५९ च्या कायद्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन न्यायाधिकरणे स्थापन केली. भारतातील मंडळांशी त्यांचे बरेच साम्य आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक काउंटीमध्ये स्थानिक मानसिक आरोग्य मंडळ असते आणि त्यातील किमान निम्मे सदस्य सेवा घेणाऱ्या व्यक्ती किंवा त्यांचे कुटुंबीय असावे लागतात. हे मंडळ सल्लागार असून रुग्णाच्या दाखल्याविषयी निर्णय देत नाही. ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्यानुसार नगरपालिका पातळीवरही आरोग्य परिषदा असून त्यांत निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. न्यायनिवाडा करणारे मंडळ व सल्ला देणारे मंडळ ही दोन वेगळी कामे आहेत, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते. भारतीय कायद्याने पहिल्याची तपशीलवार तरतूद केली, तर स्थानिक पातळीवरील दुसऱ्याचा विचार प्रशासन व स्वयंसेवी संस्थांवर सोडला.

== टीका ==

पुनर्विलोकन मंडळांविषयी परस्परविरोधी दिशांनी टीका झाली आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांच्या मते अहवाल, मुदती व परवानग्यांमुळे डॉक्टरांचा वेळ कागदपत्रांत जातो आणि कुटुंबाची भूमिका दुय्यम ठरते. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकाहून कमी मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यामुळे मंडळांना तज्ज्ञ सदस्य मिळणेही अवघड जाते. याउलट, हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांच्या मते संमतीवाचून दाखल करण्याची तरतूद ठेवणे हेच संयुक्त राष्ट्रांच्या कराराशी विसंगत आहे आणि मंडळामुळे त्या तरतुदीस वैधता मिळते.

तिसरा आक्षेप अंतराविषयीचा आहे. मंडळ जिल्ह्यासाठी किंवा अनेक जिल्ह्यांसाठी एकच असल्याने ग्रामीण रुग्णापर्यंत त्याची माहिती पोहोचत नाही. अर्ज विनामूल्य असला तरी तो करता येतो हे ठाऊक नसल्यास त्या हक्काचा उपयोग होत नाही. तालुका पातळीवरील सल्लागार समित्यांची कल्पना प्रामुख्याने या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणून मांडली जाते. अशा समितीला निर्णयाचा अधिकार नसला, तरी औषधांचा साठा, पथकाची भेट व मंडळाचा पत्ता या तीन गोष्टींची माहिती गावात पोहोचवण्याचे काम ती करू शकते.